खालच्या दोन ओळी

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहून काढतो.

भांडुपला एलबीएस मार्गालगत माझं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. पावसाळ्यात आमचा निम्मा वेळ कपलर, म्हणजे वायरींचे प्लग, उघडून वाळवण्यातच जातो. त्या दिवशीही तेच चाललं होतं. अकराच्या सुमारास टोइंगवाल्याने एक हॅचबॅक आणून दारात सोडली. मालक मागून रिक्षाने आले. शिक्षक आहेत, जुनं गिऱ्हाईक. मी त्यांना सर म्हणतो. मॅडमना सातवा महिना, त्यांना तपासणीला घेऊन निघाले होते. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर, पवईच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अचानक रेस घेईनाशी झाली. ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दीड हजाराच्या वर जाईना. वरून पाऊस आणि मागे बसचा हॉर्न.

"दादा, पार्ट बदलून बदलून थकलो. आता खरं कारण सांगा," सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

जूनपासूनची ही चौथी खेप. चेक इंजिनची लाईट लागायची, गाडीतली ताकद जायची. चावी बंद करून पुन्हा चालू केली की सगळं ठीक. असला फॉल्ट सगळ्यात छळतो, कारण गाडी गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा ठणठणीत असते. जूनमध्ये सर आधी माझ्याकडेच आले होते. स्कॅनरवर थ्रॉटलचा, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा, कोड होता, पी ०१२२. मी थ्रॉटल बॉडी, म्हणजे ती अख्खी झडप, साफ केली, कोड उडवला, गाडी दिली. जुलैत पुन्हा झालं तेव्हा ते दुसरीकडे गेले. तिथे थ्रॉटल बॉडीच नवी बसवली, साडेअकरा हजारांना.

लोकांना वाटतं, कॉम्प्युटर लावला की काय बिघडलंय ते तो सांगतो. तसं नसतं. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासूनच्या गाड्यांना ओबीडी-टू, म्हणजे स्वतःचे बिघाड नोंदवणारी यंत्रणा, आहे. स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं सॉकेट असतं, त्यात स्कॅनर जोडायचा. गाडीतला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, प्रत्येक सेन्सरचं व्होल्टेज सतत बघत असतो आणि ते ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं की कोड लिहून ठेवतो. पी ०१२२ चा अर्थ एवढाच, की थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणाऱ्या सेन्सरच्या सर्किटमध्ये व्होल्टेज कमी आलं. सर्किटमध्ये. सेन्सर, कपलर, वायर, सप्लाय, अर्थिंग, सगळं त्यात आलं. कोड म्हणजे तक्रार कोणी केली त्याचं नाव. गुन्हेगार आपण शोधायचा. हे मी माझ्या पोऱ्यांना दरवर्षी शिकवतो.

गुरुवारी स्कॅनर लावला तर तीन कोड निघाले. पी ०१२२ थ्रॉटलचा. पी ०१०७, मॅप सेन्सरचा, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा. आणि पी ०५३२, एसीच्या गॅसचं प्रेशर मोजणारा. तिघांचीही तक्रार एकच, व्होल्टेज कमी. इंजिनावरचे दोन आणि पार पुढे, एसीच्या कंडेन्सरच्या जाळीपाशी बसणारा तिसरा, एका क्षणी एकदम कसे बिघडतील? या तिघांना ईसीएमकडून पाच व्होल्टचा सप्लाय मिळतो आणि या गाडीत तो एकाच लाईनवरून वाटलेला आहे. ती लाईन कुठेही गाडीच्या पत्र्याला टेकली की तिघंही एकदम खाली बसणार. ईसीएमचा मग थ्रॉटलवरचा भरवसा उडतो आणि तो इंजिन जेमतेम रांगेल एवढंच उघडं ठेवतो. पवईत झालं ते हेच.

कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम बघितली. फॉल्ट नोंदला त्या क्षणाचे आकडे ईसीएम जपून ठेवतो. वेग ताशी १४, इंजिन पूर्ण तापलेलं. सरांना विचारलं, आधी कुठे कुठे झालं होतं? एकदा सोसायटीच्या गेटवर, एकदा शाळेजवळच्या स्पीड ब्रेकरवर. पवईत? "खड्ड्यातून बाहेर काढत होतो."

मग पोऱ्याला गाडी चालवायला बसवलं आणि मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन तिन्ही रीडिंग एकत्र लावली. गल्लीतल्या खड्ड्यावरून चार वेळा काहीच नाही. पाचव्या वेळी तिन्ही आकडे एकदम तळाला गेले आणि गाडीची रेस गेली. पोऱ्या ओरडला, "उस्ताद, गेलं!" बावीस वर्षांत असे क्षण मोजकेच आले असतील.

गॅरेजमध्ये आणून चावी ऑन ठेवली आणि मॅपच्या कपलरला मागून मल्टिमीटर लावला. ४.९८ व्होल्ट. पोऱ्याने पुढचा बंपर गुडघ्याने दाबला, ०.१. सोडला, पुन्हा ४.९८. मग एकेक सेन्सरचं कपलर काढून तेच केलं. तिन्ही काढले तरी बंपर दाबला की ०.१. म्हणजे सेन्सर तिन्ही चांगले, खोट वायरमध्ये. बंपर उतरवला. एसी प्रेशर सेन्सरकडे जाणाऱ्या हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, क्लिप गायब होती. लोंबती वायर रेडिएटर सपोर्टच्या पत्र्याच्या धारेवर घासून घासून सोलली होती, तांदळाच्या दाण्याएवढं तांबं उघडं. सरांना विचारलं तर मे महिन्यात स्कूटर आदळली होती आणि बंपर डेंटिंगला दिला होता. ज्याने तो परत बसवला त्याने क्लिप लावायचा कंटाळा केला. रंग मात्र सुरेख मारलाय. वायर सोल्डर केली, तापवून आवळणारी हीट श्रिंकची नळी चढवली, वर स्लीव्ह, नवी क्लिप. सामान शंभर रुपयांच्या आतलं. तपासायला साडेतीन तास गेले. त्या तासांचे पैसे मागितले की लोक घासाघीस करतात. नव्या पार्टचे मात्र मुकाट्याने देतात, कारण पार्ट खोक्यात दिसतो. गॅरेजवालेही मग पार्टच विकतात.

इथपर्यंत मला माझा अभिमान वाटत होता. संध्याकाळी नवा रिपोर्ट सेव्ह करताना स्कॅनरने याच गाडीचा जुना रिपोर्ट वर काढला. जूनचा, माझाच. उघडला. तीन ओळी. पी ०१२२, पी ०१०७, पी ०५३२.

जूनमध्ये पहिली ओळ वाचली आणि मी बोनेट उघडलं. पावसाआधीची गर्दी होती, रांगेत सहा गाड्या होत्या, हे सगळं खरं. पण खालच्या दोन ओळी वाचायला किती वेळ लागला असता? साडेअकरा हजार वाचले असते. मॅडम पावसात गाडीत अडकल्या नसत्या. त्या गॅरेजवाल्याला मी मनात चार शिव्या दिल्या होत्या, पण कोड उडवून फ्रीझ फ्रेम पुसली ती मीच. त्याच्यासमोर गाडी आली तेव्हा तिच्यात आधीचं काही उरलंच नव्हतं.

रात्री आठला सर गाडी न्यायला आले. आधी सोललेली वायर दाखवली. मग स्कॅनर पुढे केला आणि म्हटलं, "सर, हे जूनमध्येच दिसत होतं. मी वाचलं नाही."

त्यांनी रिपोर्टवरची तारीख दोनदा बघितली. पैसे किती विचारलं, मी नको म्हटलं. त्यांनी आग्रह केला नाही आणि काही बोललेही नाहीत. चावी घेऊन गेले.

महिना होऊन गेला, गाडी बंद पडल्याचा फोन नाही. सर्व्हिसिंग दिवाळीच्या आधी असतं त्यांचं, दरवर्षी माझ्याकडेच. वहीत तारीख लिहून ठेवलीय. फोन अजून केलेला नाही.