बाकावरची बाटली

माझ्या वर्गात एक नियम होता. पाणी मधल्या सुट्टीत, बाथरूमही मधल्या सुट्टीत. तास सुरू असताना कोणी उठायचं नाही आणि बाटली दप्तरातच ठेवायची. नियम मीच घातलेला. वर्गात ५२ पोरं, एक उठला की त्याच्या मागे पाच उठायचे. एकदा बाटली सांडून अख्ख्या बाकावरच्या वह्या भिजल्या, तेव्हापासून तर मी जास्तच कडक झाले. उत्तर नागपुरातली अनुदानित शाळा, सकाळची पाळी. सातवीची मी वर्गशिक्षिका होते, आणि विज्ञान सातवीपासून नववीपर्यंत शिकवत होते.

खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसायची. तिचं नाव मी लिहीत नाही, खोटं नावही देत नाही. हे सगळं तिला आणि तिच्या आईवडिलांना विचारून लिहिते आहे, आणि नाव नको एवढी एकच त्यांची अट आहे.

ती जवळजवळ रोज हात वर करायची. "मॅडम, पाणी पिऊन येऊ?" अर्ध्या तासाने, "मॅडम, बाथरूमला जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं, "सुट्टीत." महिन्यातले पाच-सहा दिवस ती यायचीच नाही. चिठ्ठीत कधी ताप, कधी हातपाय दुखतात, कधी नुसतंच 'घरगुती कारण'. पहिल्या सत्राच्या प्रगतिपत्रकात शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं होतं, 'सतत गैरहजर. अभ्यासात लक्ष नाही.' त्या अक्षरांचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मी तो मुद्दाम ठेवला आहे.

तिच्या डोळ्यांत पिवळसर झाक असायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते, काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर. त्या वर्षी मिरवणूक झाल्यावर वर्गातल्या दोघा पोट्ट्यांनी तिला 'पिवळी मारबत' म्हणायला सुरुवात केली. मी दोघांना रागावले, माफी मागायला लावली आणि विषय संपवला. डोळे पिवळे का आहेत, हे विचारावंसं मला वाटलं नाही. विज्ञानाची शिक्षिका असून वाटलं नाही.

तो दिवस जानेवारीतला, संक्रांतीनंतरचा. नागपूर म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं, पण इथल्या जानेवारीत पारा आठ-नऊ अंशांवर उतरतो आणि सकाळच्या शाळेला पोरं कुडकुडतच येतात. क्रीडा संमेलनाचा सराव चालू होता. ती स्वेटर काढायला तयार नव्हती, रिलेत धावायला तयार नव्हती. पीटीच्या सरांनी मला बोलावलं. मी तिला म्हटलं, "सगळे धावून राहिले ना? मग तुलाच काय झालं?" तिने स्वेटर काढून माझ्या हातात दिला आणि धावली.

तिसऱ्या तासाला तिने पाण्यासाठी दोनदा हात वर केला. मी दोन्ही वेळा नाही म्हटलं. दहाएक मिनिटांनी तिच्या बाकावरून कण्हण्याचा आवाज आला. दोन्ही मांड्या हातांनी आवळून धरलेल्या, कपाळ बाकावर टेकलेलं. मला वाटलं, धावून पायात गोळा आला असेल. उठवायला गेले तर तिला उभंच राहता येईना. पाय, कंबर, पाठ, सगळं एकदम दुखत होतं, आणि दर मिनिटाला वाढत होतं. ओठ कोरडे पडलेले. सर धावत आले, प्रथमोपचाराच्या पेटीतली बर्फाची पिशवी मागवली. लचक भरली तर आपण तेच करतो.

आमच्या शाळेतल्या मावशी दारात उभ्या होत्या. त्या एकदम आत आल्या आणि सरांचा हात धरला.

"बरफ नका लावू सर. हे तं सिकलचं दुखणं दिसते. माह्या बहिणीच्या पोराले असंच होते."

त्यांनी स्वतःची शाल तिच्या पायांवर घातली, स्टाफरूममधून कोमट पाणी आणलं आणि घोटघोट पाजू लागल्या. मी बाजूला उभी होते. बर्फाने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि हे दुखणं आणखी वाढतं, हे मला मागाहून डॉक्टरांनी सांगितलं. मावशींना ते आधीच माहीत होतं.

ऑटोने मेयो या सरकारी रुग्णालयात निघालो. गोळीबार चौकात गर्दीत अडकलो तेव्हा तिने मावशींचा हात इतका घट्ट धरला होता की त्यांच्या बांगडीचा वळ उमटला. कॅज्युअल्टीत सलाईन लावलं, वेदनेचं औषध दिलं. तासाभराने तिचे वडील आले. रंगकाम करतात ते, हातावर चुना तसाच होता. सोबत प्लॅस्टिकची एक फाइल. त्यात जुना रिपोर्ट होता, इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन कोणत्या प्रकारचं आहे हे दाखवणाऱ्या तपासणीचा. एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलसेलचं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आलेलं. दोन वर्षांची होती तेव्हाच घरात कळलं होतं.

नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आनुवंशिकतेच्या पाठात सिकलसेल आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. आई आणि वडील दोघेही वाहक असले, म्हणजे स्वतः आजारी नसून त्याचं एकेक जनुक बाळगत असले, तर प्रत्येक खेपेला २५ टक्के शक्यता आजारी मूल होण्याची. तो तक्ता मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढला आहे, डोळे मिटूनही काढीन. विदर्भात हा आजार किती घरांत आहे हेही मी त्या तासाला सांगायचे. आणि तो आजार सात महिने माझ्यासमोर तिसऱ्या बाकावर बसून पाणी मागत होता.

डॉक्टर वयाने लहान होत्या, पण समजावून सांगायची त्यांची हातोटी चांगली होती. म्हणाल्या, या मुलांची मूत्रपिंडं लघवी घट्ट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातलं पाणी टिकत नाही. म्हणून वरचेवर पाणी प्यायचं आणि वरचेवर जायचं, दोन्ही. पाणी कमी पडलं, थंडी लागली किंवा अंगाबाहेर दमणूक झाली की वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढे रक्त पोचत नाही, आणि ते दुखणं सहन होण्यासारखं नसतं. डोळे पिवळे का, तर साधारण १२० दिवस टिकणारी पेशी यांच्यात १०-२० दिवसांतच फुटते.

मग त्यांनी तिला विचारलं, "शाळेत पाणी पितेस ना गं?"

ती म्हणाली, "सुट्टीत पिते."

थंडी, दमणूक, पाणी. त्या एका सकाळी तिन्ही गोष्टी घडल्या होत्या, आणि तिन्ही माझ्या सांगण्यावरून.

वडिलांनी मला बाहेर व्हरांड्यात नेलं. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तेच हात जोडून उभे. "मॅडम, शाळेत कोणाले सांगू नका. मोठीचं लग्न जुळून राहिलं. एकीचं कळलं का दुसरीले कोण करते?"

लपवण्यातूनच हा आजार पुढच्या पिढीत जातो, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मोठीची आणि होणाऱ्या जावयाची रक्ततपासणी लग्नाआधी व्हायलाच हवी होती. पण ज्या बाईने पोरीला दोन घोट पाणी दिलं नाही तिने त्या व्हरांड्यात त्यांना आनुवंशिकता शिकवावी, हे मला जमलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, नाही सांगत. पण मावशींना, पीटीच्या सरांना आणि मुख्याध्यापक बाईंना माहीत असू द्या." ते बराच वेळ विचार करत होते. मग हो म्हणाले. तपासणीचं मी त्यांच्याशी पंधरा दिवसांनी, त्यांच्या घरी जाऊन बोलले.

आता माझ्यापुढे पेच असा होता की तिला सवलत द्यायची, पण ती तिला दिली आहे हे कोणाला दिसायचं नाही. एकट्या तिच्या बाकावर बाटली ठेवली असती तर दुसऱ्याच दिवशी प्रश्न आला असता, "मॅडम, हिलेच कायले?" दोन रात्री विचार केला. उत्तर इतकं साधं होतं की ते आधी सुचलं नाही याचंच वाईट वाटलं. नियम ५२ जणांसाठी बदलायचा.

सोमवारी फळ्यावर लिहिलं, 'बाटली बाकावर. तहान लागली की प्यायचं, विचारायचं नाही.' दाराजवळ खिळ्याला लाकडाचे दोन ठोकळे टांगले, एक मुलींचा, एक मुलांचा. ठोकळा जागेवर असेल तर घ्यायचा, जाऊन यायचं, परत टांगायचा. हात वर नको, माझ्याकडे बघणंही नको. पहिला आठवडा गोंधळाचा गेला. वह्या भिजल्या, मुलांचा ठोकळा दोनदा हरवला, शेजारच्या वर्गातल्या सहकाऱ्यांनी शिस्तीवरून मला ऐकवलं. तिसऱ्या आठवड्यापर्यंत उठणाऱ्यांची संख्या आपोआप कमी झाली. मनाई नसली की उठण्यातली मजा जाते, हे पोरांनी मला शिकवलं.

गैरहजेरीचं काम जास्त अवघड होतं. वेदना आली की तिचे चार-पाच दिवस जाणारच. आधी मी म्हणायचे, मैत्रिणीची वही उतरवून घे. आठवडाभर दुखण्यातून उठलेल्या मुलीने पाच विषयांची पंचवीस पानं उतरवायची, हे शिकवणं नव्हे, ही शिक्षा झाली. म्हणून 'आजचं पान' सुरू केलं. रोज एक विद्यार्थी आळीपाळीने एका कागदावर त्या दिवसाचं सार लिहितो: काय शिकलो, कोणती आकृती, कोणता शब्द अडला, गृहपाठ काय. खाली लिहिणाऱ्याचं नाव. ते पान बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जातं. जो आला नव्हता त्याने काढून वाचायचं. हे मी तिच्यासाठी केलं होतं. पण डबा सगळ्यांत जास्त कोण उघडायचं? कळमन्याच्या बाजारात बापाला मदत करायला जाणारा, दर शनिवारी गैरहजर राहणारा एक मुलगा, आणि आई कामावर गेली की धाकट्या भावाला सांभाळणारी एक मुलगी. त्यांच्या प्रगतिपत्रकातही माझ्याच अक्षरात 'सतत गैरहजर' होतं.

मूल्यमापनात तर कोणाची परवानगीही लागली नाही. आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम अशी साधनं आहेतच. आम्हीच सवयीने सगळं लेखी चाचणीवर ढकलतो. ती ज्या आठवड्यात दुखण्यातून उठायची त्या आठवड्यात मी तोंडी घ्यायचे, आणि वर्गातल्या आणखी आठ-दहा जणांनाही तोंडीच द्यायला आवडायचं.

पीटीच्या सरांनी आधी तिला कायमचं वेळ मोजायला बसवलं. ती रुसली. तिला खेळायचं होतं, आणि डॉक्टरांनी खेळू नको असं म्हटलंच नव्हतं, दमली की थांबायचं एवढंच सांगितलं होतं. मग सरांनी सगळ्यांसाठी ठरवलं, हात वर केला की मैदानाबाहेर, कारण विचारलं जाणार नाही. ती खो-खो खेळते. चांगली खेळते.

माझ्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी आहे, कोणाचं नाव नसलेली. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं, एकाएकी हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही दिसलं तर घरी पाठवायचं नाही, थेट दवाखाना. मावशींना ती तोंडपाठ आहे.

यू-डायस, म्हणजे शाळा सरकारला भरून देतात त्या माहितीत, दिव्यांगत्वाचा रकाना असतो. तिच्या नावापुढे मी त्यात 'नाही' भरलं होतं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने ७ प्रकारांचे २१ केले आणि त्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्याबरोबर सिकलसेलही आहे. समावेशित शिक्षणाच्या प्रशिक्षणाला मी गेले आहे. रॅम्प, ब्रेल, श्रवणयंत्र हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. जे डोळ्यांना दिसत नाही ते तक्त्यातली एक ओळ होऊन राहिलं. दहावीच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना ताशी २० मिनिटं जास्त मिळतात. पण त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राचा कागद लागतो, आणि कागद म्हणजे नाव. मोठीचं लग्न झालं, दोघांची तपासणी करूनच झालं. त्यासाठी वडिलांनी जे धाडस केलं त्याचं मोल मला ठाऊक आहे. प्रमाणपत्राच्या अर्जावर मात्र ते अजून "बघू मॅडम" म्हणतात. मी दर महिन्याला विचारते.

ती आता नववीत आहे. आनुवंशिकतेचा पाठ जवळ आला तेव्हा मी तिला एकटीला विचारलं, त्या दिवशी वर्गात बसायचं नसेल तर लायब्ररीत बस. ती म्हणाली, "नाही मॅडम. त्या दिवशीचं पान मी लिहू का?" पाळी दुसऱ्याची होती, तिने बदलून घेतली.

मी नेहमीसारखा तक्ता काढला. माझा हात किंचित थरथरत होता, तिचा नाही. संध्याकाळी डब्यातून पान काढून वाचलं. वाकडी पेशी पुस्तकातल्यापेक्षा रेखीव होती, २५ टक्क्यांचा तक्ता बरोबर होता. त्याखाली मी शिकवलं नव्हतं, पुस्तकातही नाही, असं एक वाक्य होतं: 'अशा मुलाने पाणी मागितलं तर लगेच द्यावं.' आणि त्याखाली, रोजच्या पद्धतीप्रमाणे, लिहिणारीचं पूर्ण नाव.