सोडायला आलेल्यांचा विमानतळ

मुंबईच्या विमानतळावर मी विमानात बसायला जितक्या वेळा गेले असेन, त्याच्या कितीतरी पट अधिक वेळा कुणाला तरी सोडायला गेले आहे. त्यामुळे माझे या वास्तूचे ज्ञान बाहेरच्या बाजूने पक्के आणि आतल्या बाजूने काहीसे ऐकीव आहे. पण प्रत्येक प्रवाशामागे निदान दोन माणसे सोडायला येणाऱ्या आपल्या समाजात अशा ज्ञानालाही थोडा मान असावा, असे मला वाटते.

आमच्या घरात या एकाच जागेला तीन नावे आहेत. आजोबा अखेरपर्यंत ‘सांताक्रूझ’ म्हणत, वडील ‘सहार’ म्हणतात आणि माझा मुलगा ‘टी टू’ म्हणतो. तिघेही आपापल्या काळापुरते बरोबर आहेत. खरे तर आजोबांच्याही आधी जुहू होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्या घेऊन आले, ते जुहूच्या धावपट्टीवरच उतरले. समुद्राला खेटून असलेली ती जमीन पावसाळ्यात इतकी पाणथळ होई, की त्या दिवसांत सगळा विमानव्यवहार पुण्याला येरवड्याकडे हलवावा लागे. चार महिन्यांसाठी बिऱ्हाड हलवणारी विमान कंपनी ही कल्पना मला अजूनही फार लोभस वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांच्या हवाई दलाने सांताक्रूझची धावपट्टी वापरली, युद्धानंतर ती नागरी वाहतुकीकडे आली आणि जुहू मागे पडले. १९८१ साली सहारला आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. १९९९ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव विमानतळाला देण्यात आले आणि २०१८ मध्ये त्या नावात ‘महाराज’ हा शब्द अधिकृतपणे जोडला गेला. सामानाला लावलेल्या चिठ्ठीवर मात्र ‘बीओएम’ ही जुन्या बॉम्बेची तीन अक्षरे अजून तशीच छापून येतात, आणि वडील ती चिठ्ठी बॅगेवरून कधीच काढू देत नाहीत.

सांताक्रूझ हे नाव पुसले गेले नाही, याला पाऊसही कारणीभूत आहे. २६ जुलै २००५ ला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तो आकडा सांताक्रूझच्या वेधशाळेतला. मिठी नदी धावपट्टीच्या खालून वाहते, हे अनेक मुंबईकरांना त्या दिवसानंतर कळले. इथे धावपट्ट्या दोन असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने सोडता येत नाहीत. तरीही एका दिवसात हजाराहून अधिक विमानांची ये-जा या विमानतळाने करून दाखवलेली आहे. विरारच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसणाऱ्या शहराला हे जमणारच, पण पावसाळ्यापूर्वी आणि नंतर मुख्य धावपट्टी दुरुस्तीसाठी काही तास बंद ठेवतात, तेव्हा आपल्या विमानाची वेळ आदल्या दिवशी पुन्हा पाहून घ्यावी.

दुसरी दक्षता टर्मिनलची. ‘डोमेस्टिक की इंटरनॅशनल?’ हा टॅक्सीवाल्याचा प्रश्न आता पुरेसा राहिलेला नाही, कारण २०१४ मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल दोनवरून देशांतर्गत विमानेही सुटतात. टर्मिनल एक विलेपार्ल्याच्या बाजूला, टर्मिनल दोन अंधेरीच्या बाजूला. धावपट्ट्या त्याच, पण रस्त्याने एकीकडून दुसरीकडे जायचे म्हणजे गर्दीच्या वेळी विमान चुकवायची उत्तम सोय. आमच्या एका नातेवाइकांनी ती सोय वापरलेली आहे. ऑक्टोबर २०२४ पासून भुयारी मेट्रोची स्थानके दोन्ही टर्मिनलांना मिळाली, हा मोठाच दिलासा; फक्त परदेशी जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात आणि त्या वेळी मेट्रो झोपलेली असते.

टर्मिनल दोनचे छत मात्र बाहेर उभे राहूनही पाहावे. मोराच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारे ते खांब वर जाता जाता छतातच पसरतात आणि गाडीतून सामान उतरवण्याच्या घाईतही क्षणभर मान वर होते. आत सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या भिंतीवर ‘जय हे’ हे संग्रहालय आहे. देशभरातून आणलेले कोरीव दरवाजे, झरोके, मूर्ती अशा हजारो वस्तू तिथे मांडल्या आहेत. बहुतेक प्रवासी त्यांच्यासमोरून मोबाइलकडे बघत चालत जातात. मी दोनदाच आत गेले, आणि दोन्ही वेळा त्या भिंतीपायी माझ्या नावाचा पुकारा होण्याची वेळ आली होती. खाण्यापिण्याच्या सोयी भरपूर आहेत. वडापावही मिळतो, पण किंमत वाचून तो घरूनच खाऊन निघावे असे वाटते.

गेल्या महिन्यात मुलाला सोडायला गेलो, तेव्हा वडीलही हट्टाने आले होते. पूर्वी गावाहून जीपभर माणसे हार घेऊन यायची, आता आम्ही तिघेच होतो. दारावरच्या जवानाने त्याचे तिकीट आणि पासपोर्ट पाहिला, ट्रॉली आत गेली आणि काचेवर आमचीच प्रतिबिंबे उरली. वडील म्हणाले, ‘‘थांबूया जरा.’’ म्हणून थांबलो. अर्ध्या तासाने फोनवर एका कोरीव दरवाजाचे छायाचित्र आले आणि खाली लिहिले होते, ‘‘आई, तू म्हणतेस ती भिंत हीच का?’’ वडिलांनी चष्मा कपाळावर चढवून ते छायाचित्र बराच वेळ मोठे करून पाहिले आणि विचारले, ‘‘हे सहारलाच आहे?’’