पाया पडून दाखला घेऊन गेला

२० जून २०२५, शुक्रवार. रात्री साडेदहा.

भांडला असता तर बरं झालं असतं.

दुपारी खिचडी वाटून झाली होती, मावशी पातेली घासायला हापशावर गेल्या होत्या, आणि हा, माझा जुना विद्यार्थी, दारात उभा. चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून. "बाई, येऊ का आत?" तिशीचा बाप्या, मिशा बिशा, पण विचारायची ढब तीच तिसरीतली. मला वाटलं गणवेशाचं विचारायला आला असेल. यंदा गणवेश परत व्यवस्थापन समितीकडे आलाय, त्यामुळे गावात जो भेटेल तो मलाच विचारतो, कधी मिळणार. तर याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. लेकीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचा अर्ज.

चार ओळींचा अर्ज मी दोनदा वाचला. बस म्हटलं तर बसला नाही. माझ्यासमोर तो खुर्चीत बसतच नाही.

दाखला लिहिला, सही केली, शिक्का मारला. त्याने दोन्ही हातांनी घेतला, घडी न घालता प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला आणि वाकून पाया पडला. "पोरीला आशीर्वाद द्या, बाई." दिला. हात आपसूकच गेला त्याच्या डोक्यावर.

आता इतका वेळ झाला, भाकऱ्या झाल्या, भांडी झाली, अहो झोपले, तरी तो नमस्कार काही मनातून जात नाही. याचं काय करायचं ते कळत नाहीये. शाळा चांगली नाही म्हणाला असता तर मी तोंड उघडलं असतं. तयारी असते आमची. एप्रिलमध्ये दारोदार फिरतो तेव्हा सगळं ऐकून घेतलेलं असतं आणि सगळ्याला उत्तर असतं. सेमी इंग्लिश आहे, टीव्ही आहे, पुस्तकं फुकट, जेवण फुकट, बाई-सर दोघंही डी.एड. केलेले. तुमच्या त्या व्हॅनवाल्या शाळेतल्या मिसला विचारा एकदा, काय शिकलीय ते. हे सगळं तोंडपाठ. पण जो माणूस माझ्या पाया पडतोय त्याला यातलं काय ऐकवायचं?

कारण विचारलं मी. विचारावंच लागतं, दाखल्यावर रकाना असतो. 'शाळा सोडण्याचे कारण.' म्हणाला, "लिवा कायबी, बाई." मग टोपी या हातातून त्या हातात. मग म्हणाला, "वर्गात तीनच पोरं. त्यात ही एकटी पोरगी. घरी येती न् गप बसती. भांडायला सुदिक कुणी न्हाई ओ तिला."

यावर मी काय बोलणार? एक ते चार मिळून एकवीस पोरं. तिसरीत तीन. दोन पोरगे चुलतभाऊ, ते एकमेकांतच दंग. ही आपली खिडकीपाशी बसकर टाकून गोष्टीची पुस्तकं संपवत बसायची. मी कौतुक करायची, पाहा कशी वाचते म्हणून. शिक्षण परिषदेतसुद्धा सांगितलं होतं. ती एकटी पडलीय म्हणून वाचते, हे माझ्या लक्षात कसं आलं नाही? आलं असेल. आलं असूनही मी त्याला 'वाचनाची गोडी' म्हटलं असेल.

त्यांच्या आळीतली सगळी पोरं व्हॅनने जातात. सकाळी आठला व्हॅन येते, पोरं चढतात, ही दारात उभी राहून बघते. हे तो बोलला नाही, मी रोज एसटीतून उतरताना बघते.

आणि तिकडे तिला दुसरीत घेतायत. पुन्हा दुसरीत! इंग्लिश कच्चं आहे म्हणे. जोडाक्षरांसकट धडाधड वाचणारी पोर, हातच्याची वजाबाकी येणारी पोर, आणि एक वर्ष मागे. हे ऐकलं तेव्हा मात्र मी चिडले. म्हटलं, अरे वयानुरूप वर्गात घ्यायला पाहिजे, कायदा आहे. तो म्हणाला, "आसंल बाई." म्हणजे कायदा असेल, पण व्हॅन सोमवारी येणार आहे.

दाखला अडवता येत नाही. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५. मागितला की लगेच द्यायचा, उशीर केला तर मुख्याध्यापकावर कारवाई. आणि मुख्याध्यापक कोण, तर मीच, प्रभारी. अडवायचा विचार आला होता का मनात? आला होता. 'सोमवारी ये, शिक्का सापडत नाहीये' एवढं म्हणायचं होतं. मग दोन दिवसांत पोरीच्या आजीला भेटायचं, आईला भेटायचं. शिक्का समोरच पडला होता, त्याच्या नजरेसमोर.

पट वीसवर आला. सर काही बोलले नाहीत, पण त्यांनी हजेरी उघडून बोटाने मोजलं, मी पाहिलं. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवायला, ३० सप्टेंबरचा पट धरतात. पट असाच घसरत गेला की दुसऱ्या शिक्षकाची जागा डळमळली. सर गेल्या वर्षीच आलेत, लग्न ठरतंय. मी म्हटलं, सर, चहा घेऊ. एवढंच सुचलं.

सोमवारी प्रवेशोत्सव केला आम्ही. पहिलीची चार पोरं, बैलगाडी सजवली, कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून कागदावर पावलांचे ठसे घेतले. ते कागद अजून दोरीवर टांगलेत, नीट सुकले नाहीत. यंदा मेपासूनच पाऊस, काही सुकतच नाही. चार आले त्याचे फोटो अपलोड करायचे असतात. एक गेलं त्याचा फोटो कुणी मागत नाही. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये तीन दिवस राज्यभर पोरं मोजली होती, बोटाला शाई लावून, खोटी नावं हुडकायला. आता खरी पोरं जातायत, तर यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी पोर्टलवर, नाव ड्रॉप बॉक्समध्ये टाकायचं की झालं. तिकडची शाळा तिथून उचलून घेते. टाकलं, उचललं, असंच बोलतो आम्हीही.

ग्रुपवर मंगळवारपासून तिसऱ्या भाषेच्या जीआरचा धुरळा. दोनशे मेसेज. माझ्या तिसरीत उरली दोन पोरं, त्यांना कोणती भाषा लागते ते मला माहीत आहे. जाऊ दे.

परत तेच. पाया का पडला?

२००३ ला मी इथे शिक्षणसेविका म्हणून आले, महिना तीन हजार मानधन. हा तिसरीत. हातच्याची वजाबाकी काही केल्या येईना. मी चिंचोक्यांच्या दहादहाच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या, आईच्या जुन्या पातळाच्या चिंध्यांत. एक पुरचुंडी सोडायची, दहा सुटे करायचे, मग वजा करायचे. तीन आठवडे रोज दुपारी तो पुरचुंडी सोडायचा आणि रडायचा. मग एक दिवस सोडली, मोजलं, लिहिलं, आणि पाटी घेऊन सगळ्या वर्गातून पळाला. आता दुधाचा टेम्पो चालवतो, चाळीस गवळ्यांचा हिशेब तोंडी. आजही मी विचारलं, अरे खर्च झेपेल का, तर उभ्या उभ्या मांडला त्याने. फी अठरा हजार, व्हॅन महिन्याला नऊशे, दहा महिने धरले तर नऊ हजार, पुस्तकं-ड्रेस पाच. बत्तीस. "बूट येगळं."

हिशेब बरोबर होता. शिकवणारी मीच.

मग त्या नमस्काराचा अर्थ काय लावायचा? तुम्ही चांगलं शिकवलंत, म्हणूनच मला माझ्या पोरीला दुसरीकडे पाठवता येतंय, असं? की माफ करा, असं? की नुसती पद्धत, बाई दिसल्या की वाकायचं? सगळ्यात वाईट म्हणजे मला आवडलं ते. त्या क्षणी बरं वाटलं. बावीस वर्षं नोकरी झाली, मध्ये दुसरीकडे काढली, २०१८ च्या ऑनलाइन बदलीत परत इथेच पडले, आणि गावात अजून पोरं पाया पडतात. सरांनी पाहावं असंही वाटलं असेल. मग तो गेला आणि टेबलावर दाखल्याची स्थळप्रत राहिली, शाळेकडे ठेवायची.

आणखी एक गोष्ट त्याने विचारली नाही. एप्रिलमध्ये वरच्या आळीतल्या एका आजींनी चारचौघांत विचारली होती, तेव्हा मला पाणी प्यावं लागलं. त्याला माहीत आहे, गावाला सगळ्यांना माहीत आहे. आमचे चिरंजीव कुठे शिकले हा विषय मी आज काढणार नाही.

संध्याकाळी निघताना जनरल रजिस्टर काढलं. दाखल्याची नोंद करायचीच होती, पण मागे मागे गेले. त्याची ओळ सापडली. मोठ्या गुरुजींचं अक्षर, मोत्यासारखं. शाळा सोडल्याचे कारण, 'इ. ४ थी उत्तीर्ण', २००५. त्याच्या वर खाली सगळीकडे तेच, उत्तीर्ण, उत्तीर्ण. मध्येच एखादं 'ऊसतोडीसाठी गेले', एखादं 'वडिलांची बदली'. मग पानं उलटत आले तसं 'पालकांच्या विनंतीवरून' सुरू होतं. आधी एखादं, मग दोन, मग काही पानांवर पहिल्या ओळीत ते शब्द आणि खाली नुसत्या दोन दोन टिंबांच्या खुणा, वरीलप्रमाणे. ते अक्षर माझं.

तिच्या ओळीतही मी तेच लिहिलं. अभ्यासातील प्रगती, चांगली. वर्तणूक, चांगली. कारण, पालकांच्या विनंतीवरून. 'भांडायला कुणी नाही' एवढं मावलं असतं त्या रकान्यात, पण तिकडच्या शाळेने दाखला परत पाठवला असता.

झोपते. उद्या योग दिन, सातला पोचायचंय. चला, खिचडीचा हिशेब तरी सोपा झाला. पोरामागे शंभर ग्रॅम तांदूळ, एकवीस पोरांचे दोन किलो शंभर व्हायचे, आता सरळ दोन किलो. देवाची कृपाच म्हणायची.

२१ जून, शनिवार. दुपारी, एसटीत.

भुरभुर पाऊस, त्यामुळे योगा व्हरांड्यातच. सव्वासातला पाहते तर दारात पोरांच्या चपलांच्या रांगेत काळे कुळकुळीत बूट. नवे, वेल्क्रोचे. आत आमचा मागच्या वर्षीचा गणवेश घालून बाईसाहेब बसकर टाकून बसलेल्या.

"अगं, तुझा दाखला काल नेला ना पप्पांनी?"

"नवी शाळा सोमवारी हाय, बाई. आज घरी काय करू?"

बरोबर आहे. घरी काय करणार?

ताडासनात ती आणि चुलतभावांतला धाकटा, दोघांची बसकरावरून जुंपली. त्याने तिचं बसकर ओढलं, तिने त्याला ढकललं, तो सरांच्या पायावर पडला. मी ओरडले नाही. बघत उभी राहिले दोन मिनिटं. दोन वर्षांत मी तिला पहिल्यांदाच भांडताना पाहत होते. सर माझ्याकडे बघायला लागले तेव्हा ओरडले.

फोटो अपलोड करताना सर म्हणाले, "बाई, पट वीस लिहिलाय, फोटोत एकवीस दिसतायत. कडेलाच आहे ती, क्रॉप करू?" म्हटलं, राहू द्या, केंद्रप्रमुख काय मोजत बसणार आहेत. त्यांनी मोजलं. फोन आला दहाला. मी म्हटलं, सर, गावातलं पोर आहे, योग दिन सगळ्यांचाच असतो. त्यांनाही घाई होती.

निघताना ती बूट घालत बसली होती पायरीवर. वेल्क्रो चर्रकन उघडायची, लावायची, परत उघडायची. म्हणाली, शनिवारी त्या शाळेला सुट्टी असते. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. सांडशी पुसता पुसता मावशी हसल्या.

मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. सवयीने त्यांनी दोन किलो शंभरच मोजले. शंभर ग्रॅम जास्तीचे गेलेत, सोमवारी कुठेतरी बसवावे लागतील.