बाबांची मान आणि सिंबाचे पंजे

गणपती विसर्जनापासून दिवाळीपर्यंत कोथरूडच्या आमच्या दवाखान्यात खाजवणाऱ्या कुत्र्यांची रीघ असते. पाऊस ओसरतो, ऊन तापतं, टेकडीवरचं गवत फुलावर येतं आणि लॅब्रॅडोर, पग, शिट्झू, जर्मन शेफर्ड असे एकेक पंजे चाटत येतात. मी जनावरांची डॉक्टर आहे, त्यामुळे या दिवसांत त्वचेचे आजार मला नवे नाहीत. पण सिंबाची केस मी विसरणार नाही, कारण त्या दिवशी टेबलावर तपासायला कुत्रा होता आणि आजाराचा धागा सापडला माणसाच्या मानेवर.

सिंबा चार वर्षांचा, फिकट रंगाचा लॅब्रॅडोर. बरोबर सून, मुलगा आणि बाबा. सून म्हणाली, "डॉक्टर, याला मुळशीला गावी पाठवायचं ठरलंय. खरजेचं औषध तेवढं लिहून द्या, बरोबर देतो." बाळ नुकतं रांगायला लागलेलं. खरूज बाबांना लागली, आता बाळाला लागेल, ही तिची धास्ती. बोलता बोलता तिचा आवाज भरून आला. कुत्रा नकोसा झालेलं माणूस असं बोलत नाही.

भीती अगदीच निराधार नव्हती. कुत्र्याच्या खरजेचे किडे माणसालाही काही काळ खाज आणतात, त्यामुळे ती शंका आधी मिटवणं भाग होतं. खरूज कानाच्या कडा, कोपरं आणि मागच्या पायांच्या घोट्यांवर जास्त दिसते. कानाची कड चोळली की अशा कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलतो. सिंबाचा हलला नाही, कडाही स्वच्छ होत्या. त्वचा खरवडून मायक्रोस्कोपखाली पाहिली, किडा नव्हता. बारीक कंगव्याने शेपटीच्या बुडाकडचे केस विंचरले आणि निघालेली घाण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकली. पिसवांची विष्ठा असती तर कागदावर तांबूस डाग उमटले असते, कारण ती पचलेल्या रक्ताचीच असते. कागद कोरा राहिला.

सगळा त्रास होता तो काखा, जांघ, कानाच्या आतल्या बाजूला आणि पंजांच्या बेचक्यात. चाटून चाटून पंजांचे केस गंजल्यासारखे तांबडे झाले होते. कानाला कुबट वास येत होता. टेपला चिकटवून घेतलेल्या नमुन्यात यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, आणि जंतू भरपूर दिसले. पण हे दोन्ही मागाहून येतात, आधीच सुजलेल्या त्वचेवर. मूळ कारण वेगळं असतं.

म्हणून मी महिने विचारले. मुलगा म्हणाला, "दरवर्षी गणपती गेले की सुरू होतं. पिल्लू होता त्या वर्षी काही नव्हतं. इंजेक्शन दिलं की दोन-तीन आठवडे बरा असतो. दिवाळीनंतर आपोआप थांबतं." चिकन बंद करून झालं होतं, कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळी झाल्या होत्या. पण अन्नाची अ‍ॅलर्जी सहसा कॅलेंडर पाहून येत नाही. वयाच्या सहा महिने ते तीन वर्षांदरम्यान सुरू होणारी, ठरावीक ऋतूत उसळणारी आणि पंजे, काखा, कान धरणारी खाज बहुतेक वेळा परागकणांची असते.

"फिरायला कुठे नेता?" हा प्रश्न बाबांसाठी होता. ते म्हणाले, रोज पहाटे म्हातोबा टेकडीकडे, सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटमधून. "कमरेएवढं गाजर गवत माजलंय, सिंबा त्यातच लोळतो." बोलताना त्यांचा हात मानेकडे गेला. मी शर्टाची कॉलर जरा खाली करायला सांगितली. मानेच्या दोन्ही बाजू, पापण्या आणि कोपरांच्या घड्या काळवंडून जाड झाल्या होत्या, खाजवून ओरखडे उठले होते. शर्टाखाली कातडी अगदी साफ. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती दिसली असती. इथे तर हवेला उघडं पडणारं तेवढंच अंग धरलं होतं.

गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, 1950च्या दशकात पुण्यातूनच देशभर माहीत झालं. त्यातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने माणसाच्या त्वचेला अ‍ॅलर्जी होते. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्याबरोबर उडून चेहऱ्यावर, मानेवर बसला तरी पुरतं. कुत्र्याचं वेगळं असतं. परागकण त्वचेतून आत शिरतात, शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि खाज सुटते. आजार दोन, पण वाट एकच, पहाटेची. मी सांगितलं, "बाबा, मी माणसांची डॉक्टर नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि पॅच टेस्टबद्दल विचारा, म्हणजे संशयित पदार्थ त्वचेवर चिकटवून अ‍ॅलर्जी तपासतात ती चाचणी. पण तुम्हाला सिंबाकडून लागण झाली असं मला वाटत नाही." सून पटकन खुर्चीवर बसली आणि तिने सिंबाचं डोकं मांडीवर ओढून घेतलं.

खरवडीत खरजेचा किडा कधी कधी निसटतो, म्हणून शंकेला जागा नको यासाठी पिसवा आणि गोचिडांवरची अशी गोळी दिली जी खरजेच्या किड्यांनाही मारते. खाजेसाठी ऑक्लासिटिनिब, 14 दिवस दोन वेळा, मग एक वेळ. ही गोळी खाजेचा निरोप मेंदूकडे नेणारी साखळीच तोडते. स्टिरॉइडसारखी तहान, भूक, सारखी लघवी असा त्रास सहसा होत नाही. वर्षाखालच्या पिल्लांना मात्र ती देत नाहीत. क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर दहा मिनिटं ठेवून. फिरून आल्यावर पाय, पोट धुवायचं आणि बेचक्या कोरड्या करायच्या, कारण ओलसर बेचक्यात यीस्ट वाढतं. आणि घरातली माणसांची मलमं लावायची नाहीत. कुत्रा ती चाटतो. टी ट्री ऑइल तर त्याला विषारीच आहे.

दोन दिवसांत चाटणं कमी झालं. त्वचेच्या डॉक्टरांनी बाबांची पॅच टेस्ट केली आणि गाजर गवताचीच अ‍ॅलर्जी निघाली. मुळशीचा बेत रद्द झाला.

ही अ‍ॅलर्जी बरी होत नाही, आटोक्यात राहते, हे मी त्यांना त्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. पुढच्या वर्षी ते श्रावणातच आले. खाज सुरू व्हायच्या आधी शाम्पू आणि पाय धुणं सुरू केलं, त्यामुळे गोळी कमी दिवस लागली. कान एकदा बिघडला, तो वेळेत सावरला. बाबा आता रस्त्याकडेने फिरतात. सोसायटीच्या मुलांनी प्लॉट साफ करायचं ठरवलं, तेव्हा मी मुलाला फोन करून सांगितलं: उघड्या हातांनी नाही, मोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला मास्क लावून, फुलं यायच्या आत, मुळासकट उपटा. एकेक झाड हजारो बिया टाकतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा उगवतं.