कानाच्या पाळीइतकी मऊ

बल्गेरियातल्या सोफिया शहरातल्या त्या पाककृतींच्या वर्गाचे मी ९० लेव्ह मोजले होते, म्हणजे आपले चार हजारांच्या वर. (तेव्हा तिथे लेव्ह चालायचे, आता युरो आला.) वर्गाचं नाव होतं ‘पारंपरिक बानित्सा’. आम्ही सहा जण अ‍ॅप्रन बांधून टेबलापाशी उभे राहिलो आणि शिकवणाऱ्या बाईंनी फ्रीजमधून एक पाकीट काढलं. आत कारखान्यात लाटून कापलेल्या कागदासारख्या पाऱ्या होत्या. तेल शिंपडा, चीज कुस्करा, गुंडाळी करा, ट्रेमध्ये ठेवा. पंचवीस मिनिटांत आमचं शिकून झालं.

चव चांगली होती, खोटं कशाला बोलू. पण पैसे गेल्यापेक्षा मला फसवल्याचं दुःख झालं. मी पुण्याहून तिथवर गेले होते ते ती पारी हातांवर ओढताना बघायला. भाचीने फोनवर मला वर्षभर तेच सांगितलं होतं, की मावशी, इथल्या आज्या आपल्या मांड्यांसारखं पीठ ओढतात. मी जळगावकडची. आमच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आई खापरावर मांडे करायची आणि मी तिच्या हाताखाली पुरण वाटायची. मांडा ओढायला मात्र कधी शिकले नाही. आधी अभ्यास होता, मग नोकरी, मग ‘पुढच्या वर्षी’. आता आईचे खांदे दुखतात आणि मांडे बचत गटाच्या बायकांकडून येतात. पाकिटातली पारी बघून मला वर्गातच भरून आलं ते या सगळ्यामुळे. शिकवणाऱ्या बाईंना त्याचा पत्ता असण्याचं कारण नव्हतं.

बानित्सा म्हणजे बल्गेरियाचा सकाळचा नाश्ता. कोपऱ्यावरच्या टपरीवजा दुकानात ती कागदात गुंडाळून मिळते. पातळ पारीच्या आत सिरेने असतं. सिरेने म्हणजे मिठाच्या पाण्यात मुरवलेलं पांढरं, आंबट-खारट चीज. सोबत लोक बोझा पितात. हे तपकिरी, दाट, गोडसर-आंबूस पेय आंबवलेल्या धान्याचं असतं. बाहेरून येणारे बहुतेक जण पहिल्या घोटाला तोंड वाकडं करतात, पण मला ते थेट आंबिलीच्या जवळचं वाटलं आणि मी रोज प्यायले.

माझा चेहरा बघून भाचीने ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन लावला. तिची आजी ट्र्यावनाजवळच्या एका खेड्यात एकटी राहते. उत्तर लगेच आलं: ‘३१ डिसेंबरला बाबा बानित्सा करणारच आहे, घेऊन ये मावशींना.’ बल्गेरियनमध्ये आजीला ‘बाबा’ म्हणतात. माझ्या तोंडात ते शेवटपर्यंत नीट बसलं नाही. मी हाक मारायची ‘बाबा’ आणि डोळ्यांपुढे माझे वडील यायचे.

मधल्या चार दिवसांत रिलाचा मठ झाला, प्लोव्हदिव झालं, थंडीने पाय बधिर झाले.

सोफियाहून ट्र्यावना गाडीने तीन तासांच्या पुढे लागतात. शेवटची वळणं बाल्कन डोंगरातली आहेत. गावात एक कमानीचा दगडी पूल आणि १८१४ सालचा घड्याळाचा मनोरा आहे. दास्कालोव्हांच्या घरात दोन खोल्यांच्या छतांवर लाकडात कोरलेले दोन सूर्य आहेत. ते बघताना मान अवघडली तरी हलावंसं वाटत नव्हतं. पण माझं लक्ष घड्याळाकडे होतं, कारण बाबा दहा वाजता पीठ मळते असं मैत्रिणीने सांगितलं होतं आणि आम्हाला तिथेच साडेदहा झाले होते.

बाबा थांबली होती. दारात उभी, डोक्याला रुमाल, पायांत लोकरीचे जाड मोजे. घरात फक्त स्वयंपाकघर उबदार होतं, कारण लाकडावरची शेगडी तिथे होती. खाली भट्टी आणि वर भांडी ठेवायला पत्रा, अशी ती शेगडी. बाकीच्या खोल्यांत श्वासाची वाफ दिसत होती. रात्री तिथे झोपताना मी दोन स्वेटर घातले आणि तरी कुडकुडले. पण परत कोणी विचारलं, की गरम हॉटेल हवं का ते घर, तर मी ते घर म्हणेन.

तिने आधी माझे हात बघितले. मग स्वतःच्या बोटातली अंगठी काढून बशीत टाकली आणि माझ्या बांगड्यांकडे बोट केलं. काचेच्या निघाल्या, पण पाटल्या निघेनात. साबण लावून, मनगट आवळून, कशाबशा काढल्या. बशीत तिची अंगठी आणि माझ्या पाटल्या शेजारी पडल्या आणि काम सुरू झालं.

मैदा, मीठ, चमचाभर व्हिनेगर, थोडं सूर्यफुलाचं तेल, कोमट पाणी. मापाचं विचारलं तर मैत्रीण भाषांतर करून दमली. बाबाचं उत्तर एकच होतं. तिने कणकेचा गोळा एका हातात धरला, दुसऱ्या हाताने माझ्या कानाची पाळी चिमटीत पकडली आणि हळू दाबली. मग तीच चिमटी गोळ्याला लावली. तिथे कणकेचं माप हेच: कानाच्या पाळीइतकी मऊ. मीही एकदा पाळी, एकदा कणीक असं करून पाहिलं. बोटांना दोन्हींत फरक कळेना, तेव्हा तिने मळणं थांबवलं.

पाच गोळे केले, तेलाचा हात लावला आणि वर कापड झाकून ठेवले. मला वाटलं दहा मिनिटं. तासभर ती तिकडे फिरकलीसुद्धा नाही. तोवर सारण झालं. एका वाडग्यात दही घेतलं, त्यात खायचा सोडा घातला. दही फसफसून काठापर्यंत आलं तशी मैत्रीण अभिमानाने म्हणाली, दही लावणारा जीवाणू आमच्याच माणसाने शोधला. ते खरं आहे. स्तामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियनाने १९०५ साली जिनिव्हात तो पाहिला आणि आज त्याच्या शास्त्रीय नावात ‘बल्गेरिकस’ आहे. दह्याबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलणारी माणसं भेटली की मला बरं वाटतं. मग चार अंडी आणि हाताने कुस्करलेलं सिरेने. मी मांसाहार करत नाही, अंडं खाते, त्यामुळे या देशात माझं पोट बानित्साच्या जिवावर चाललं.

आता ज्याच्यासाठी आले होते ते. टेबलावर पांढरी चादर पसरली होती, कडेला निळ्या दोऱ्याने भरलेली फुलं. वर पिठाचा हलका थर. बाबाने ‘तोचिल्का’ घेतली. हे लाटणं हातभर लांब आणि काठीसारखं बारीक असतं. त्यावर पारी गुंडाळत गुंडाळत तिने ताटाएवढी लाटली. मग लाटणं बाजूला ठेवलं. दोन्ही हातांच्या मुठी वळल्या, पारी मुठींच्या पाठीवर घेतली आणि मुठी एकमेकींपासून हळूहळू लांब नेल्या. पारी स्वतःच्याच वजनाने खाली येत होती, तिला फक्त वाट करून दिली जात होती. मग ती चादरीवर टाकली, हात पालथे करून खाली घातले आणि बाबा टेबलाभोवती फिरू लागली. एक पाऊल, एक ओढ. एक पाऊल, एक ओढ. मी कडेची निळी फुलं बघत होते. आधी ती झाकली गेली. मग पारीखालून निळा डाग दिसला. मग पाकळ्या. चौथ्या फेरीला टाके मोजता आले असते.

मी बोलले नाही काही. आईचे हात असेच चालायचे. कोपरापर्यंत सारलेल्या बांगड्या, दोन्ही हातांवर झुलणारा मांडा, आणि मग पालथ्या खापरावर तो अलगद सोडणं.

तिसरा गोळा माझ्या पुढ्यात आला. मी बोटांनी धरायला गेले तर बाबाने हातावर चापट मारली आणि मूठ वळून दाखवली. नखं टोचतात, मूठ टोचत नाही. पारी मुठींवर आली तेव्हा ती थंडगार आणि जिवंत वाटली, झोपलेल्या बाळाचं अंग उचलल्यासारखी. मी फेऱ्या सुरू केल्या. निळं दिसायला लागल्यावर मी बाबाकडे बघून विचारलं, पुरे का? तिने मान डावी-उजवीकडे हलवली. मी समजले, नाही, अजून. आणखी ओढली. तिने पुन्हा मान हलवली, जरा जोरात. मीही जरा जोरात ओढलं आणि मधोमध हाताचा पंजा जाईल एवढं भोक पडलं.

बल्गेरियात आडवी मान म्हणजे ‘हो’. हे मी विमानात वाचलं होतं आणि सोफियात दुकानदारांशी दोनदा घोटाळाही झाला होता. पण हातात पारी असताना डोकं आपल्याच सवयीने चालतं.

मला रडू यायचं बाकी होतं. आमच्याकडे मांड्याला भोक पडलं तर संपलं. पुरण खापरावर सांडतं, जळतं, धूर होतो आणि आजी काही न बोलता नुसती बघते. त्या बघण्याच्या भीतीनेच मी कधी हात लावला नाही, हे मला त्या टेबलापाशी उभं राहून पहिल्यांदा कळलं. बाबाने भोकाकडे पाहिलं, वरून तेल शिंपडलं, सारण पसरलं, थोडं भोकावरही. मग चादरीची एक कड दोन्ही हातांनी उचलली. पारी आपोआप गुंडाळत गेली, एक वळसा, दोन, पाच, आणि टेबलभर लांब दोर तयार झाला. भोक कुठे गेलं ते शोधूनही सापडलं नसतं. आठ-दहा पदरांच्या आत एक फाटका पदर कुणाला दिसतो? कडेचा जो जाड भाग राहिला होता तो तिने खुडून पुन्हा मळून ठेवला.

दोर मधून सुरू करून गोल गोल ‘तावा’त ठेवायचा. तावा म्हणजे गोल, काठाचं ताट, शब्द ऐकताच मला आपला तवा आठवला. गुंडाळलेली म्हणून हिला ‘वीता बानित्सा’ म्हणतात. वर तूपासारखं वितळवलेलं लोणी, शेवटी सोडावॉटरचा हबका, आणि भट्टीत. बाबा भट्टीत क्षणभर हात घालून ताव बघायची. तांबूस झाल्यावर बाहेर काढून पाणी शिंपडलं आणि कापड झाकलं, म्हणजे वरचा पापुद्रा कडक न राहता मऊ पडतो. ते कापड झाकणं मी पुढे घरी विसरले आणि वरची पारी बिस्किटासारखी झाली, म्हणून मुद्दाम लिहिते.

वर्षअखेरच्या बानित्सात ‘कस्मेती’ असतात, म्हणजे नशिबाच्या चिठ्ठ्या. मैत्रिणीने कागदाचे कपटे लिहिले होते: प्रवास, नवं घर, प्रेम, पैसा. सोबत ‘द्र्यान’ नावाच्या झाडाच्या कळ्या असलेल्या काटक्या. हे झाड हिवाळा सरता सरता सगळ्यांच्या आधी फुलतं आणि त्याचं लाकूड फार चिवट असतं. निरोगी माणसाला तिथे ‘द्र्यानासारखा ठणठणीत’ म्हणतात. रात्री बाबाने तावा फिरवला, थांबला तेव्हा ज्याच्यापुढे जो तुकडा आला तो त्याचा. एक तुकडा घरासाठी वेगळा काढला. माझ्या तुकड्यात तीन कळ्यांची काटकी निघाली. बाबाने माझ्या दंडावर थोपटलं आणि आणखी एक तुकडा वाढला. त्यानंतर आणखी एक. नको म्हणायची सोय नव्हती, कारण मी मान कशीही हलवली तरी तिला हवा तोच अर्थ निघत होता.

नव्या वर्षाच्या सकाळी, तिथल्या प्रथेप्रमाणे, शेजारची मुलं द्र्यानाच्या सजवलेल्या काठ्या घेऊन आली आणि आमच्या पाठीवर हलकेच मारत गाणं म्हणून, सुटे पैसे घेऊन गेली.

आखाजीला जळगावला गेले तेव्हा ठरवूनच मैदा नेला. सिरेने कुठलं मिळणार? पनीर रात्रभर मिठाच्या निवळीत बुडवून ठेवलं. आंबटपणा कमी पडणार हे माहीत होतं. डायनिंग टेबलावर आईचं जुनं सुती लुगडं अंथरलं. आई खुर्ची ओढून बसली. मी तिला बाबाचं सगळं सांगत होते, अंगठी, चापट, भोक. कणीक मळून झाली आणि मी म्हटलं, झाली बघ, तिकडे म्हणतात कानाच्या पाळीइतकी मऊ हवी.

आईने कुडी जरा बाजूला सारली, स्वतःच्या कानाची पाळी चिमटीत धरली. मग वाकून कणीक दाबली. पुन्हा पाळी. पुन्हा कणीक.

“घट्ट आहे,” ती म्हणाली आणि पाण्याच्या तांब्यात हात बुडवून परात स्वतःकडे ओढून घेतली.