म अ चि

मनूने दुपारी फोटो पाठवला. डबीतल्या कागदाचा. बोटभर रुंदीची सुरळी, तिच्यावर तारखा, नावं आणि सगळ्यात खाली चिनूच्या अक्षरात 'म अ चि'. मनू, अभिजित, चिनू. जिओकॅशिंग, म्हणजे कुणीतरी लपवलेल्या डब्या जीपीएसवरून शोधायचा खेळ, त्यातलं त्यांचं खातं त्याच नावाचं आहे, मला ठाऊक होतं. तरी फोटो पाहिल्यापासून दोनदा चहा गार झाला.

डबी मला सापडली होती. इथे तरी लिहून ठेवते.

सिंगापूरच्या सिलोसो किल्ल्यावर त्या दिवशी पाऊस नुकताच थांबला होता. ११ मजले उंच पुलावरून, झाडांच्या शेंड्यांजवळून आम्ही आत गेलो. फोनमधला बाण आधी नीट चालला, मग दाट झाडी आणि काँक्रीटच्या भिंती आल्या तसा १०-१२ मीटर इकडेतिकडे उड्या मारू लागला. चिनू दगड उलथत होता, मनू खुणेचं वाक्य पुन्हापुन्हा वाचत होती, अभिजित पाणी आणायला गेला होता. मी लोखंडी कठड्याला टेकले आणि खालून हात फिरवला, ओट्याखाली फिरवते तसा. बोटांना गार काहीतरी लागलं. लोहचुंबकाने चिकटवलेली इवलीशी नळी. "आज्जीऽऽ!" चिनू असा ओरडला की दोन माणसं वळून बघायला लागली. मग त्याने नळी घेतली, पेन घेतलं.

अभिजित तर तिथे नव्हताही.

या खेळात कागदावर नाव असलं तरच डबी सापडली असं धरतात. २००० च्या मे महिन्यात अमेरिकेने जीपीएस सगळ्यांसाठी अचूक केलं आणि त्याच आठवड्यात ऑरेगनच्या रानात पहिली बादली ठेवली गेली, तिच्यातही वही होती. चिनूनेच मला हे शिकवलं. म्हणजे नियमाने मला काही सापडलेलंच नाही. दोन महिने त्या घरात राहिले, आणि... जाऊ दे.

सिलोसो किल्ल्यात एका दालनात इंग्रजांच्या शरणागतीचा प्रसंग मेणाच्या पुतळ्यांत मांडलाय. १५ फेब्रुवारी १९४२. टेबलाच्या एका बाजूला इंग्रजांचा सेनापती पर्सिव्हल, समोर जपान्यांचा यामाशिता. त्या सहीने सुमारे ४०,००० हिंदी सैनिक कैदी झाले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर त्यांना जपान्यांच्या हवाली केलं. टेबलाशी त्यांच्यातलं कुणी नाही. मी मिलिटरी आपशिंग्याची, फौजींच्या गावची लेक, माझा पाय तिथून निघेना. चिनूला सांगायचं होतं, पण तो पुढे पळाला होता.

तो किल्ला ज्या बेटावर आहे त्याचं जुनं नाव पुलाऊ ब्लाकांग माती. मलय भाषेत माती म्हणजे मरण. हे ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, आपल्याकडे 'मातीला जाऊन आलो' म्हणतात ते आठवून. पुढे नाव बदलून सेंटोसा केलं, म्हणजे शांती.

ह्यांना फोटो दाखवला. चष्मा वर करून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "चिनूचं अक्षर सुधारलं की गं." मी काही बोलले नाही. अक्षर खरंच सुधारलंय. 'चि'ची वेलांटी मीच गिरवून घेतली होती, तिथल्या जेवणाच्या टेबलावर, रोज संध्याकाळी.

ते आत्ता लिहिताना लक्षात आलं.

सकाळी इथे साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर गेले होते. मंगळाईच्या बाजूला तटाच्या दगडांतल्या फटींत हात घालून बघत होते, तेव्हा फोटो आलाही नव्हता. हा किल्ला १७०० साली औरंगजेबाने घेतला आणि त्याचं नाव आजमतारा ठेवलं. ताराबाईंच्या काळात तो परत आला आणि अजिंक्यतारा झाला. दगड तेच. आमच्या गोडोलीतून वर बघितलं की तोच दिसतो.

रात्री चिनूचा व्हिडिओ कॉल आला. विचारायचं नाही असं ठरवलं होतं, तरी विचारलं. तो क्षणभर गप्प झाला. मग कॅमेऱ्याच्या अगदी जवळ येऊन म्हणाला, "आज्जी, तो कागद अजून भरला नाहीये. खाली बरीच जागा आहे. तू कधी येतेस?"

दिवाळीनंतर, म्हटलं.