दोन वाढीव रकाने

रविवार, दुपार

आज पाण्याचा दिवस, त्यामुळे सकाळ भरणं-साठवणं करण्यातच गेली. जेवणं उरकल्यावर लॅपटॉप घेऊन बसले ते थेट चहाच्या वेळेपर्यंत. ‘पॉकेट’ हे ॲप ८ जुलै २०२५ रोजी बंद झालं. त्याआधीच माझी सगळी यादी उतरवून घेतली होती. ती फाइल आज सवडीने उघडली.

वाचण्याजोगं काही दिसलं की ते बाजूला टाकायचं आणि वेळ मिळेल तेव्हा वाचायचं, एवढंच ते ॲप करायचं. २००७ मध्ये निघालं तेव्हा त्याचं नावच ‘रीड इट लेटर’ होतं. २०१२ मध्ये ते ‘पॉकेट’ झालं आणि २०१७ मध्ये फायरफॉक्सवाल्या मोझिलाने विकत घेतलं. मी त्यात दोनच प्रकारचं वाचन जमवत आले: माणूस स्वतःला कसा घडवतो त्याबद्दलचं आणि यंत्रं कशी चालतात त्याबद्दलचं. मला हे दोन विषय कधी वेगळे वाटलेच नाहीत.

फाइल साधीच आहे. मथळा, पत्ता, साठवल्याची वेळ, टॅग, आणि वाचलं की राहिलं. वेळेच्या रकान्यात मात्र तारीख नसते, दहा आकडी संख्या असते. १ जानेवारी १९७० पासून मोजलेले ते सेकंद. एक्सेलमध्ये त्यात आधी १९,८०० मिळवायचे (आपल्या साडेपाच तासांचे सेकंद), मग ८६,४०० ने (एका दिवसाच्या सेकंदांनी) भागायचं आणि २५,५६९ मिळवायचे (एक्सेलच्या मोजणीतला १ जानेवारी १९७० चा क्रमांक). सेलला तारखेचं रूप दिलं की झालं. कारखान्याच्या अकाउंट्समध्ये दिवसभर आकड्यांतच असते, तरी सूत्र खाली ओढल्यावर एकेका ओळीपुढे तारीख उमटत गेली तेव्हा फार आनंद झाला. १६००००००००च्या आसपासचे आकडे म्हणजे सप्टेंबर २०२०. त्या दिवसांतल्या ओळी सलग वाचल्या. झोपेबद्दल, घरून काम करताना दिवसाची घडी कशी बसवावी याबद्दल, श्वासाच्या व्यायामांबद्दल, ऑक्सिमीटर बोटातून नेमकं काय मोजतो याबद्दल. त्या काळात रोजनिशी लिहायचं बळ नव्हतं. ते दिवस या यादीने सांभाळले आहेत.

पण पाचही रकाने पुन्हा पुन्हा बघताना एक गोष्ट खटकली. हे मी का ठेवलं, ते सांगणारा रकानाच नाही. मथळा लेखकाने दिलेला, वेळ यंत्राने टाकलेली. टॅग मी दिलेत खरे, पण ‘सवयी’ या एका टॅगखाली इतकं काही साचलंय की त्यावरून मला तेव्हा काय हवं होतं ते कळत नाही. साठवणं यंत्राला जमतं. कारण फक्त साठवणाऱ्याला ठाऊक असतं, आणि ते त्याच क्षणी लिहिलं नाही तर जातं.

म्हणून उजवीकडे दोन रकाने वाढवले. एक ‘का’, दुसरा ‘कोणासाठी’. नवं काही ठेवायचं तर ‘का’मध्ये एक तरी पूर्ण वाक्य हवं, आणि ते मराठीतच. लेख इंग्रजी असला तरी.

सोमवार, रात्र

जेवणानंतर जुन्या ओळींतले पत्ते उघडून पाहिले. बरेचसे मेलेले. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेने २०२४ मध्ये यावर मोजणी प्रसिद्ध केली होती: २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं ऑक्टोबर २०२३ पर्यंत मिळेनाशी झाली. इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये पत्ता टाकल्यावर त्यातली काही सापडली. ही संस्था १९९६ पासून पानांच्या प्रती जपतेय आणि २००१ पासून त्या कुणालाही पाहता येतात. यापुढे महत्त्वाचं काही ठेवलं की लगेच त्याची प्रत तिथेही जतन करायची. दोन मिनिटांचं काम आहे.

बुधवार, रात्र

आज खूप छान झालं.

यादीत जॅकार्ड मागावरचा, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरचा, एक लेख होता. त्याच्या ‘कोणासाठी’मध्ये रविवारीच ‘अण्णा’ लिहिलं होतं. अण्णा आमच्या कारखान्यात डिझाइन बघतात. सोलापूरच्या पूर्व भागात राहतात, घरी तेलुगू बोलतात, आणि तरुणपणापासून चादरीच्या कामात आहेत. नुसती लिंक पाठवली असती तर त्यांनी ती उघडली नसती, कारण लेख इंग्रजीत. म्हणून काल रात्री बसून त्याचा सारांश मराठीत लिहिला. फ्रान्समधल्या लियाँचा जोसेफ मारी जॅकार्ड, साल १८०४. पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची आणि कार्डं एकमेकांना गुंफून त्यांची माळ करायची. जिथे भोक, तिथला ताण्याचा (उभा) धागा वर उचलला जातो. भोक नसेल तर खालीच राहतो. नक्षी विणकराच्या डोक्यातून पुठ्ठ्यावर आली. चार्ल्स बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या गणनयंत्रासाठी हीच कार्डांची कल्पना उचलली. पुढे हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत माणसांची माहिती अशाच भोकांच्या कार्डांवर घेतली, आणि त्याची कंपनी इतर कंपन्यांत मिसळून शेवटी आयबीएम झाली. खाली एक ओळ टाकली: “अण्णा, तुमच्या कामातून कॉम्प्युटर निघाला, हे तुम्ही वाचायलाच हवं असं वाटलं.”

सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला, चांगला लांब. “मॅडम, वाचलं. बरोबर लिवलंय की. एक कार्ड म्हंजे बाण्याचा एक आडवा धागा.” आणि मग लेखात नसलेलं कितीतरी. पावसाळ्यात पुठ्ठा कसा फुगायचा आणि मग कार्ड नीट बसायचं नाही. एक कार्ड फाटलं तर चादरीत एक ओळ चुकते आणि नक्षी जितक्या वेळा पुन्हा येईल तितक्या वेळा तीच ओळ चुकत राहते. म्हणून चूक शोधायची तर कापडावरून मागे मोजत कार्डापर्यंत जायचं. आता नक्षी पेनड्राइव्हवर येते, पण चूक शोधायची रीत तीच, असं ते म्हणाले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते मुद्दाम ऑफिसात आले आणि हे सगळं कागदावर चौकटी काढून पुन्हा समजावलं. इतकी वर्षं एका कारखान्यात आहोत आणि अण्णा त्यांच्या कामाबद्दल माझ्याशी इतकं कधी बोलले नव्हते.

त्यांचा मेसेज ऐकून उतरवला आणि त्या ओळीच्या ‘का’मध्ये टाकला. आता ती ओळ मूळ लेखाहून मोठी झाली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

गुरुवार

एस. आर. रंगनाथन यांची आठवण झाली. गणिताचे प्राध्यापक, १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. हा तिसरा मला अधिक जवळचा. त्यात पुस्तकाच्या बाजूने विचार आहे: हे कुणासाठी आहे, आणि तो माणूस याच्यापर्यंत कसा पोचेल? मी लहानपणी ज्या वाचनालयात जायचे तिथले काका हेच करत. मागच्या वेळी आपण काय नेलं ते बघून, पुढच्या वेळी टेबलाच्या खणातून एक पुस्तक काढून म्हणत, “हे तुझ्यासाठी ठेवलंय.” ते आवडायचंच असं नाही. पण आपला विचार करून कुणी ते निवडलंय, म्हणून शेवटपर्यंत वाचलं जायचं.

व्हॉट्सॲपवर नेमकं हेच हरवतं. तिथे मजकुराचा धनीच नसतो. लेखकाचं नाव पहिल्याच पाठवणीत गळतं, तारीख दुसऱ्या पाठवणीत. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने खूप वेळा फिरलेला मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल असं बंधन घातलं. मला ते पटतं. एका वेळी एक माणूस, म्हणजे निदान कुणाला पाठवतोय एवढा तरी विचार होतो.

शुक्रवार, रात्र

आज पुन्हा तो संदेश आला: कोणतीही गोष्ट २१ दिवस केली की सवय लागते. हा आकडा लोकांचं नुकसान करतो, म्हणून त्याचा माग नीट लिहून ठेवते.

मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिलं होतं की शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस तरी लागतात. तेही त्याचं निरीक्षण, प्रयोग नव्हे. फिरता फिरता ‘निदान’ गळालं, चेहराही गळाला, आकडा तेवढा उरला. सवयींची खरी मोजणी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी केली, ती मानसशास्त्राच्या एका नियतकालिकाच्या २०१० च्या अंकात छापून आली. ९६ स्वयंसेवक, ८४ दिवस. सवय अंगवळणी पडायला लागलेला काळ साधारण ६६ दिवस, पण माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. (२५४ हा आकडा आलेखावरून पुढचा अंदाज बांधून काढलेला, कारण निरीक्षण ८४ दिवसांचंच होतं.) आणि मला सर्वांत आवडलेलं: मध्ये एखादा दिवस चुकला तरी फारसा फरक पडत नाही.

‘कोणासाठी’: वन्सं. त्यांनी डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालायला सुरुवात केली होती, आणि तीन आठवडे होऊनही सकाळी उठवत नाही म्हणून “माझ्या स्वभावातच नाही ते” असं म्हणून सोडून दिलं. त्यांना लिंक नाही पाठवली, फोनच केला. म्हटलं, “वन्सं, तो एकवीसचा आकडाच चुकीचा आहे हो.” सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग विचारलं, “म्हणजे अजून दोन महिने लागले तरी चालतंय?” चालतंय म्हटलं. उद्या सकाळी विजापूर रोडला मीही त्यांच्याबरोबर जाणार आहे.

शनिवार, रात्र

चाललो. वन्सं माझ्या पुढे होत्या.

संध्याकाळी व्हॅनिव्हर बुश यांचा १९४५ चा निबंध पुन्हा काढला. महायुद्धात अमेरिकेचं वैज्ञानिक संशोधन चालवणारा हा इंजिनिअर. त्या वर्षीच्या जुलैत ‘अटलांटिक’ मासिकात त्यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या यंत्राची कल्पना मांडली: एक टेबल, आत मायक्रोफिल्मवर माणसाचं सगळं वाचन, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणाऱ्या वाटा, ज्या वाचणाऱ्याने स्वतः आखायच्या. इंटरनेटची चाहूल म्हणून या निबंधाचं नाव घेतात. मला त्यातली दोन बारकी ठिकाणं जास्त मोलाची वाटतात. त्यांचा काल्पनिक वाचक धनुष्यांचा इतिहास वाचता वाचता मध्ये स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान घालतो. आणि काही वर्षांनी मित्राशी बोलताना विषय निघतो तेव्हा तो आपली सगळी वाट, त्या पानासकट, त्याला देतो. ‘का’ आणि ‘कोणासाठी’ दोन्ही त्या टेबलात होते. पुढच्या यंत्रांनी साठवण तेवढी उचलली.

मग यादीतल्या तीन गोष्टींकडे वळले. भाचा अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करतो आणि तेच पान रंगीत पेनने रंगवत पुन्हा पुन्हा वाचतो. त्याला उद्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा प्रयोग पाठवणार. उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने घेतलेल्या चाचणीत, पुस्तक मिटून आठवून लिहिणारे पुढे होते. सोबत लिहिलंय, “मावशीचा आग्रह म्हणून एका प्रकरणापुरतं करून बघ आणि खरं काय झालं ते सांग. नाही जमलं तरी सांग.”

एआयमुळे हिशेबनिसांचं काय होणार, यावरचा एक लेख तीनदा वाचला. त्यात भीती खूप आहे, पण कोणतं काम, कधी, कशावरून, हे कुठेच नाही. ‘कोणासाठी’मध्ये कुणाचंच नाव लिहावंसं वाटेना. ओळ काढून टाकली.

तिसरं अण्णांचं. जाता जाता त्यांनी विचारलं होतं, “त्या जनगणनेवाल्याचं मराठीत कुठं वाचायला मिळंल का मॅडम?” शोधलं, पण नीट सविस्तर असं काही हाती लागलं नाही. तेव्हा मीच लिहायला घेतलंय. १८८० च्या जनगणनेची मोजदाद पुरी व्हायला सात-आठ वर्षं लागली होती, तिथून सुरुवात केली आहे. कार्डं वाचणाऱ्या यंत्राचं चित्र अण्णा चौकटीच्या कागदावर काढून देणार आहेत.